हप्त्यांनी जन्मलेल्या कादंबऱ्या

आवडत्या विज्ञान कादंबऱ्यांचा विषय निघाला की मी 'फाउंडेशन'चं नाव घेतो आणि त्याच दमात तिच्याबद्दलची तक्रारही सांगतो. सॅल्व्हर हार्डिन हा मुत्सद्दी नगराध्यक्ष जेमतेम ओळखीचा होतो, त्याच्या धूर्तपणाची चटक लागते, आणि पुढच्या भागात शिरावं तर मधली कित्येक वर्षं उलटलेली, हार्डिन इतिहासजमा. मग होबर मॅलो नावाचा कुणी व्यापारी येतो. पहिल्या वाचनात मला वाटलं होतं की आयझॅक असिमोव्हला पात्रं सांभाळता येत नाहीत. ते निम्मं खरंही आहे. उरलेल्या निम्म्याचं कारण पुस्तकाबाहेर सापडतं: ते लिखाण आधी कुठे छापलं गेलं होतं, यात.

'फाउंडेशन' पुस्तक म्हणून लिहिली गेलीच नव्हती. १ ऑगस्ट १९४१ रोजी एकवीस वर्षांचा असिमोव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने 'अस्टाउंडिंग' मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला निघाला होता. हातात कथा नव्हती. काहीतरी सुचावं म्हणून त्याने जवळचं संगीतिकांचं पुस्तक उघडलं, तर पहारेकऱ्यापुढे वाकलेल्या परीराणीचं चित्र समोर आलं. पहारेकरी, मग सैनिक, मग साम्राज्य, मग इतिहासकार गिबनने लिहिलेला रोमचा ऱ्हास, असं करत करत उतरायचं स्टेशन येईपर्यंत आकाशगंगेचं साम्राज्य कोसळायला लागलं होतं.

कॅम्पबेलना एका कथेवर समाधान नव्हतं, त्यांना मालिका हवी होती. मे १९४२च्या अंकात पहिली कथा आली. तिचा शेवट आजही वाचण्यासारखा आहे. संकट दाराशी येतं, हार्डिनला त्यावरचा तोडगा अगदी उघड दिसतो, आणि कथा संपते! तोडगा काय, ते सांगितलेलंच नाही. ही असिमोव्हची खेळी होती. एवढी अर्धवट कथा छापल्यावर संपादकाला पुढची घेण्यावाचून गत्यंतर राहू नये, असा त्याचा हिशेब होता. पुढची कथा लगेच जूनमध्ये छापून आली.

१९५०पर्यंत अशा आठ कथा आल्या, आणि त्यांच्यासोबत एक डोकेदुखीही. नव्या अंकाच्या वाचकाने आधीच्या कथा वाचल्याच असतील, असं धरून चालता येत नव्हतं, म्हणून दर वेळी मागचा सगळा इतिहास कुठेतरी कोंबावा लागे. शेवटच्या कथेत तर आर्केडी नावाची चौदा वर्षांची मुलगी शाळेसाठी निबंध लिहिते आणि त्या निबंधातून सेल्डन योजनेची, म्हणजे साम्राज्य कोसळल्यानंतरच्या काळासाठी हॅरी सेल्डनने आधीच आखून ठेवलेल्या आराखड्याची, उजळणी होते. मला हा प्रसंग फार आवडतो. अडचणीतून काढलेली वाट आणि मुलीचा स्वभाव दोन्ही त्यात एकदम उतरतात. सगळी योजना उधळून लावणारा 'म्यूल' मात्र असिमोव्हच्या डोक्यातून आलेला नाही. योजना मोडून दाखव, हा आग्रह कॅम्पबेलचा. मालिकेतलं सर्वांत जिवंत पात्र संपादकाच्या हट्टातून यावं, याची मला गंमत वाटते.

संपादकाचा हात त्याहून जुना आहे. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोचं मूळ रशियावर सूड उगवणारा पोलिश सरदार असं होतं. प्रकाशक एत्झेल यांना रशियातला वाचक गमवायचा नव्हता, म्हणून १८६९–७०मध्ये हप्त्यांनी छापलेल्या पाणबुडीच्या कादंबरीत नेमोचा देश गुलदस्त्यात राहिला. नंतरच्या एका कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र निघाला. एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची कादंबरीही १८९७मध्ये आधी मासिकातच आली. एप्रिल १९२६मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं, तेव्हा पहिल्या अंकात व्हर्न, वेल्स, पो यांचं जुनंच साहित्य भरलं होतं.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोठे पुस्तक-प्रकाशक या प्रकाराकडे फारसे फिरकत नसत. युद्धानंतर आधी चाहत्यांनी काढलेल्या छोट्या संस्था आणि मग बडी मंडळी पुस्तकं मागू लागली. लेखकांपाशी जुन्या अंकांतल्या कथांचे ढीग होते. त्या जोडून पुस्तक करायच्या पद्धतीला विज्ञानकथालेखक व्हॅन व्होग्टने 'फिक्स-अप' म्हटलं. आपण डागडुजी म्हणू. 'फाउंडेशन'चं पहिलं पुस्तक १९५१मध्ये निघालं आणि त्यातला सुरुवातीचा भाग पुस्तकासाठी सर्वांत शेवटी लिहिला गेला. रे ब्रॅडबरीला तर १९४९मध्ये एका संपादकाने सुचवलं की तुझ्या मंगळावरच्या कथा ओवल्या तर एक पुस्तक तयारच आहे. वर्षभरात ते आलं.

माझ्या मते या गोधडीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'. १९५५ ते १९५७च्या दरम्यान मासिकात आलेल्या तीन दीर्घकथा, पुन्हा घासूनपुसून केलेली कादंबरी. अणुयुद्धात जग बेचिराख झाल्यावर वाळवंटातल्या मठातले साधू उरलंसुरलं ज्ञान जपतायत. त्यांना आपल्या संताच्या हातची एक चिठ्ठी मिळते आणि ते ती पवित्र अवशेष म्हणून जपतात. चिठ्ठीत काय, तर घरी आणायच्या खाण्याच्या जिनसा. तीन भागांमध्ये सुमारे सहाशे-सहाशे वर्षांची दरी आहे आणि पात्रं इथेही मरून जातात. पण 'फाउंडेशन'मध्ये खटकणारी ती दरी इथे कथेचा विषयच होते. माणसं जातात, विसरतात, तीच चूक पुन्हा करतात. तिन्ही भागांत दिसणारा तो म्हातारा वाटसरू तेवढा टाका घालत राहतो.

फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' सलग लिहिल्यासारखी वाटते, पण तीही १९६३ ते १९६५मध्ये दोन मालिकांतून त्याच कॅम्पबेलच्या मासिकात आली. नाव तेवढं बदलून 'अ‍ॅनालॉग' झालं होतं. पुस्तक म्हणून वीसेक प्रकाशकांनी ती नाकारली आणि शेवटी छापली मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टनने. मला तिचा पहिला भाग अजून थरारून टाकतो. शेवटाकडे मात्र घाई जाणवते. वर्षं भराभर ओलांडली जातात आणि मोठे मृत्यू दोन ओळींत उरकतात.

लिऊ त्सशिनची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'सुद्धा २००६मध्ये चिनी मासिकातच क्रमशः आली. तिथे तिची सुरुवात माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीतल्या भीषण प्रसंगाने झाली होती. चिनी पुस्तकात ती प्रकरणं मध्यावर सरकवली गेली होती. २०१४च्या इंग्रजी अनुवादात केन लिऊंनी ती लेखकाच्या संमतीने पुन्हा सुरुवातीला आणली. मी इंग्रजी वाचली. बापाचा खून डोळ्यांदेखत पाहिलेली मुलगी आधी भेटली, म्हणून पुढे तिने घेतलेला निर्णय मला पटला नाही तरी समजला. तेच मध्यावर कळलं असतं तर मी तिला आधी खलनायिका ठरवून बसलो असतो.

मासिकांचा जोर ओसरल्यावर अँडी वीअरने 'द मार्शियन'ची प्रकरणं स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक करून टाकली. वाचक त्यातल्या रसायनशास्त्राच्या चुका कळवायचे, तो दुरुस्त करायचा. २०११मध्ये त्याने ती ९९ सेंटला ई-पुस्तक म्हणून विकायला ठेवली. मंगळावर एकट्या अडकलेल्या माणसाची ही रोजनिशी मी एका बैठकीत वाचली. बटाटे नीट उगवू लागतात न लागतात तोच काहीतरी फुटतं, हवा निसटते, आणि नोंद तिथेच थांबते.