एल कॅमिनो एसएस 454: पुढे अवजड इंजिन, मागे रिकामा हौदा

1970 सालची शेव्हरोले एल कॅमिनो एसएस 454 समोरून पाहिली तर सरळसरळ त्याच कंपनीची शेव्हेल कार दिसते: तोच बॉनेट, तेच चार गोल दिवे. दारामागे मात्र ना मागची सीट, ना डिकी. तिथे पत्र्याचा उघडा हौदा आहे, आणि बॉनेटखाली 7.4 लिटरचं (नावातले 454 म्हणजे तेवढे घन इंच) व्ही-8 इंजिन. त्याच्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे 930 सीसी, म्हणजे आपल्या मारुती 800 च्या अख्ख्या 796 सीसी इंजिनाहून जास्त. असे आठ सिलिंडर.

कारलाच मागे मालाचा हौदा जोडायची ही कल्पना अमेरिकेत आधी फोर्डने 1957 च्या रँचेरोतून रुजवली. शेव्हरोलेने 1959 ला एल कॅमिनो आणली, दोन वर्षांत थांबवली आणि 1964 ला शेव्हेलच्या सांगाड्यावर पुन्हा सुरू केली. 1968 ते 1972 या पिढीच्या गाड्यांना सगळ्यात जास्त मागणी असते आणि ते रास्तच आहे.

या गाडीचं वेड बहुतेकांना आधी कानातून लागतं. त्या घुमणाऱ्या, किंचित अडखळणाऱ्या आवाजामागे साधं गणित आहे. इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. क्रँक (पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा) दर 90 अंश फिरला की एक सिलिंडर पेटतो, म्हणजे एकूण ठेका अगदी समान. पण विषम आकड्यांचे सिलिंडर डाव्या बाजूला आणि सम आकड्यांचे उजव्या बाजूला आहेत. डाव्या बाजूचे ठोके वेगळे मोजले तर 1 नंतर 3 पेटायला 270 अंश लागतात, मग 5 ला 180, त्यानंतर 7 ला फक्त 90, आणि पुन्हा 1 यायला 180. प्रत्येक बाजूचा एक्झॉस्ट असा कधी लांब, कधी आखूड अंतराने धक्के घेतो. तीच ती गुरगुर. दोन्ही पाइपांमध्ये आडवी जोडनळी टाकली की दाब वाटला जातो आणि आवाज मऊ होतो.

याच क्रमातून एक बिघाडही येतो. 5 आणि 7 हे सिलिंडर शेजारी शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या स्पार्क प्लगच्या वायरी एकमेकींना समांतर, खेटून नेल्या तर 5 च्या वायरीतला झटका प्रवर्तनाने 7 च्या वायरीत उतरतो. 7 नंबर वेळेच्या 90 अंश आधीच पेटतो आणि पिस्टन तुटण्यापर्यंत मजल जाते. वायरी नव्या घालताना या दोन वेगळ्या क्लिपांत, अंतर ठेवून न्याव्यात.

ताकदीचे आकडे वाचताना जपून. एलएस6 या सर्वात जहाल इंजिनाची नोंद 450 अश्वशक्ती आणि 678 न्यूटन-मीटर टॉर्क अशी आहे. पण ते ‘ग्रॉस’ मोजमाप: पंखा, एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर यांचा भार नसताना घेतलेलं. 1971 ला एलएस5 या सौम्य इंजिनाचे दोन्ही आकडे छापले गेले: ग्रॉस 365 अश्वशक्ती, आणि हा सगळा भार धरून ‘नेट’ 285. इंजिन तेच, मोजपट्टी वेगळी.

आता मागच्या चाकांकडे येऊ, कारण या गाडीचा खरा स्वभाव तिथे कळतो. ढोबळ हिशेब मांडू. चालकासह वजन 1800 किलो धरलं आणि हौदा रिकामा असेल, तर मागच्या चाकांवर जेमतेम 42 टक्के म्हणजे साधारण 750 किलो येतात. वेग घेताना भार मागे सरकतो, तो धरून 890 किलो. टायरची पकड 0.8 मानली तर रस्त्याला देता येणारा जोर सुमारे 700 किलो. इंजिन मात्र पहिल्या गीअरमध्ये, डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलवरच्या गीअरचं) गुणोत्तर 3.31 असताना, वाटेतले तोटे वजा करूनही 1400 किलोंच्या आसपास जोर पाठवतं. पकडीच्या दुप्पट! उरलेला जोर धूर होऊन टायरमधून निघतो. म्हणून हौद्यात वाळूच्या पोत्यांचा 100 किलो भार ठेवतात. पोती ॲक्सलच्या बरोबर वर हवीत आणि पट्ट्याने बांधलेली हवीत. फाळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं.

ब्रेकची अडचण याच हलकेपणातून येते. जोरात ब्रेक दाबला की भार पुढे जातो, मागची चाकं आधी जाम होतात आणि शेपूट फिरते. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर (ब्रेक तेलाच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारी नळी) झिरपत असेल तर एकच चाक धरतं, आणि ते जास्त धोकादायक. ड्रम काढून रबरी टोपीची कड उचलून पाहावी. आत ओल दिसली की दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदमच बदलावेत.

एलएस6 चं कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 11.25 ला 1 आहे. ते त्या काळच्या शिसेयुक्त, उच्च ऑक्टेन पेट्रोलसाठी होतं. साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोके पडतात. टायमिंग मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, नॉकिंग थांबतं, पण इंजिन तापतं आणि ओढ जाते. इंजिन उघडलंच आहे तर खोलगट माथ्याचे पिस्टन घालून कंप्रेशन साडेनऊवर आणणं शहाणपणाचं. त्याच वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवाव्यात. शिशाचा थर नसेल तर व्हॉल्व्ह मूळ सीट कुरतडत आत रुततो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि तो ढकलणारा भाग यांतलं अंतर) कमी कमी होत जाते. ही फट गरम इंजिनावर इनटेकला 0.6 आणि एक्झॉस्टला 0.7 मिमीच्या आसपास ठेवतात. दर वेळी एक्झॉस्टचीच घट्ट सापडू लागली, तर सीट संपत आली आहे असं समजावं.

गाडी विकत घेणाऱ्याने मात्र इंजिनाआधी हौदा तपासावा. एल कॅमिनोचा तळ शेव्हेलच्या स्टेशन वॅगनचा आहे. वॅगनमध्ये मागच्या प्रवाशांचे पाय जिथे असत तो खोलगट भाग इथे हौद्याच्या पुढच्या पत्र्याखाली झाकला गेला. मागच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी याच कप्प्यात साचतं आणि वरून काहीच दिसत नाही. झाकणाचे स्क्रू काढून पत्रा उचलावा, बॅटरीच्या उजेडात कोपरे पाहावेत आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तळ टोचावा. ठणठणीत पत्र्यावर खणकन आवाज येतो. टोक रुतलं तर तिथे गंजच उरलाय. मग चाकांवरच्या कमानींवर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे. आणि काचेचं रबर बदलल्याशिवाय तळाला नवा पत्रा वेल्ड करू नये. तोही दोन-चार पावसाळ्यांत तसाच सडेल.