स्थिर पदाची स्वतंत्र जागा : पार्श्वभूमी

सोलापुरात नववीला ‘बहुपदी’ शिकवताना चादरींचा हिशेब घ्यावा, मुलं लगेच मान डोलावतात. पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं पोट यंत्रमागावर आहे. समजा, चादर ४०० रुपयांना आणि टेम्पोचं भाडं ६००, तर क्ष चादरींचं बिल ४००क्ष + ६००. चादरी कमी-जास्त झाल्या तरी ६०० हलत नाहीत. ते स्थिर पद. इथवर ठीक. पण पुढच्याच गणितात निम्मा वर्ग दोन्ही पदं एकत्र करून १०००क्ष लिहून मोकळा होतो.

ही चूक होऊच नये अशी मांडणी आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी होती. ब्रह्मगुप्ताचा ब्राह्मस्फुटसिद्धान्त इ.स. ६२८चा. त्यावर नवव्या शतकात भाष्य लिहिणाऱ्या पृथूदकस्वामीने एक समीकरण असं मांडलं आहे :

याव ० या १० रू ८̇
याव १ या ० रू १

‘या’ म्हणजे अज्ञात राशी, ‘याव’ तिचा वर्ग, ‘रू’ म्हणजे रूप, आपलं स्थिर पद. आठावरचं टिंब ऋण दाखवतं. म्हणजे १०क्ष − ८ = क्ष² + १. जे पद नाही, तिथेही शून्य मांडून जागा राखली आहे. त्यामुळे रूपाखाली रूपच येतं, वजाबाकी उभ्या रांगेत होते आणि क्ष² − १०क्ष + ९ = ० मिळतं. उकली १ आणि ९. त्यांचा गुणाकार ९, तेच स्थिर पद. मला ही मांडणी इतकी आवडते की मुलांनी सुरुवातीला वहीत अशाच रांगा पाडाव्यात असं वाटतं.

त्याच शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी स्थिर संख्या दिरहमांत, म्हणजे नाण्यांत, सांगत होता. एक वर्ग आणि २१ दिरहम मिळून दहा मुळांएवढे (क्ष² + २१ = १०क्ष), अशी त्याची भाषा. ऋण पदं त्याच्याकडे नव्हती, म्हणून समीकरणांचे सहा प्रकार वेगवेगळे सोडवावे लागले. १५९१मध्ये फ्रान्सच्या व्हिएतने ज्ञात राशींनाही अक्षरं दिली, पण घन समीकरणातलं स्थिर पदही ‘घन’ मापाचंच हवं, हा त्याचा आग्रह. १६३७मध्ये देकार्तने ते बंधन काढलं. त्याआधी, १६२९मध्ये, जिरारने सहगुणक आणि उकली यांचं नातं सर्वसाधारण रूपात मांडलं होतं. दहावीतला उकलींच्या गुणाकाराचा नियम त्यातलाच.