नळी हलली की नेम गेला

जत्रेत फुगे फोडायला देतात ती छर्र्याची बंदूक मधोमध मोडते. नळी खाली दाबली की आतली स्प्रिंग दबते, मग छर्रा घालायचा आणि नळी परत वर. सोपं आणि स्वस्त, पण नळी बिजागरीवर असते आणि बिजागरी वापराने ढिली पडतेच. नळी अंशाच्या दहाव्या भागाने जरी कलली, तरी दहा मीटरवर छर्रा पावणेदोन सेंटिमीटर सरकतो. फुगा मोठा असतो म्हणून चालून जातं.

बर्मिंगहॅमचे बंदूक कारागीर लिंकन जेफ्रीज यांना ते चालेना. 1904 साली त्यांनी पेटंट घेतलं ते नळी जागची हलूच न देण्याचं. स्प्रिंग दाबायचा दांडा नळीखाली बसवला आणि छर्रा घालायला मागे एक फिरती तोटी दिली. बंदूक बनवायला घेतली बीएसएने, म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ने.

ही कंपनी 1861 मध्ये तिथल्याच बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन काढली होती. लष्करी रायफली हा मुख्य धंदा, आणि तो सरकारच्या मर्जीवर. युद्ध असलं की रात्रपाळी, नसलं की यंत्रं थंड. म्हणूनच 1880 मध्ये त्यांनी सायकली करायला घेतल्या. 1902 मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध संपलं. त्या युद्धात तिथल्या बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने इंग्रजांना चांगलाच हिसका दाखवला होता, त्यामुळे सामान्य नागरिकानेही नेमबाजी शिकावी असा प्रचार सुरू झाला. पबमध्ये हवेच्या बंदुकीच्या स्पर्धा रंगायच्या: लोखंडी पाटीला अर्ध्या इंचाहून लहान भोक, मागे घंटा. छर्रा भोकातून गेला तर घंटा वाजणार. इथे ढिली बिजागरी चालत नाही. जेफ्रीजची बंदूक 1905 पासून बाजारात आली ती अशा गिऱ्हाइकांसाठी.

चाप ओढला की आत काय होतं, ते बघण्यासारखं आहे. सुटलेली स्प्रिंग दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, पुढे ढकलते. त्याच्या पुढची हवा काही हजारांश सेकंदात इतकी दबते, की उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही. तापमान काही शे अंशांवर जातं. सायकलचा पंप मारताना बूड गरम होतं ते याच कारणाने. ही तापलेली हवा छर्ऱ्याला ढकलते, आणि दट्ट्याला उलटा धक्काही देते. दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे झटका देते, आणि तो अडला की लगेच पुढे. साध्या रायफलीसाठी केलेली नेम धरायची दुर्बीण या दुहेरी झटक्याने खिळखिळी होते.

त्यात वंगणाचा थेंब पेटला तर जोर आणखी वाढतो. ब्रिटनमधल्या एका बापलेकांनी हे तपासायला बंदुकीत हवेऐवजी नायट्रोजन भरून पाहिला. ऑक्सिजन नाही म्हणून जळणं नाही, आणि छर्ऱ्याचा वेग बराच उतरला. ‘हवेची’ बंदूक थोडीफार तेलावरही चालते तर!

जेफ्रीजच्या बंदुकीत तोटीचा त्रास मात्र होताच. ती हाताने फिरवावी लागे. बीएसएच्या 1948 च्या ‘एअरस्पोर्टर’ बंदुकीमध्ये दांडा ओढला की तोटी आपोआप उघडू लागली. मध्ये दोन महायुद्धं झाली. 1940 च्या नोव्हेंबरात बीएसएच्या बर्मिंगहॅममधल्या स्मॉल हीथच्या कारखान्यावर बॉम्ब पडून 53 कामगार मेले. 1959 मध्ये आलेली स्वस्त ‘मीटिअर’ पुन्हा मोडणाऱ्या नळीचीच. खप शेवटी किमतीवर ठरतो.

1969 मध्ये ब्रिटिश नियमांनी परवान्याविना हवेच्या रायफलीतून सुटणाऱ्या छर्ऱ्याच्या ऊर्जेची मर्यादा 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16 जूल ठरवली. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 250 मीटर वेगाने निघाला की 15.6 जूल होतात. ताकद वाढवायची सोयच उरली नाही. मग चढाओढ अचूकपणाची.

1973 मध्ये मूळ कंपनी कोसळली. हवेच्या बंदुकांचा विभाग 1986 मध्ये स्पेनच्या ‘गामो’कडे गेला. सायकलींचं नाव त्याआधीच वेगळं होऊन चेन्नईच्या टीआय सायकल्सकडे आलं होतं, म्हणून आपल्याकडे ‘बीएसए’ म्हटलं की सायकलच आठवते. मोटारसायकलचं नाव 2016 मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहाने घेतलं.