पंधरा वर्षांची गाडी आणि धुराचा हिशेब

गाडीला पंधरा वर्षं झाली की आरसी नव्यानं करून घ्यावी लागते आणि त्याच वेळी आरटीओत पर्यावरण कर भरावा लागतो. 2010 साली महाराष्ट्रानं हा कर लावला तेव्हाचे दर असे होते: दुचाकीला 2000 रुपये, पेट्रोल कारला 3000, डिझेल कारला 3500. ही रक्कम पाच वर्षांची, म्हणजे वर्षाला 400, 600 आणि 700. जुन्या गाड्या कुठे असतात हे वेगळं सांगायला नको. नागपूर-पुण्यात वापरून झालेली कार यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीच्या गावांत येते आणि तिचं दुसरं आयुष्य तिथे सुरू होतं. त्यामुळे हा कर भरणारा बहुतेकदा दुसरा नाहीतर तिसरा मालक असतो.

‘जुनी गाडी जास्त घाण करते, म्हणून तिला जास्त कर’ हे बोलायला सोपं आहे. पण ‘घाण’ म्हणजे नेमकं काय? सायलेन्सरमधून दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी बाहेर पडतात. पहिली कार्बन डायऑक्साइड. तिचा गाडीच्या वयाशी थेट संबंधच नाही. ती ठरते फक्त जळालेल्या इंधनावर.

चुलीतली मूठभर राख पाहून आपल्याला वाटतं, जळलं की वजन घटतं. प्रत्यक्षात ते वाढतं, फक्त वाढलेला भाग हवेत निघून जातो. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण 740 ग्रॅम. त्यात सुमारे 640 ग्रॅम कार्बन आणि 100 ग्रॅम हायड्रोजन. कार्बनचा अणुभार 12, ऑक्सिजनचा 16. जळताना कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो, म्हणजे 12 ग्रॅम कार्बनपासून 44 ग्रॅम वायू होतो. 640 भागिले 12 गुणिले 44 करा: 2350 ग्रॅमच्या जवळपास. पाऊण किलोपेक्षा कमी पेट्रोलमधून 2.35 किलो कार्बन डायऑक्साइड! शिवाय त्या 100 ग्रॅम हायड्रोजनचं होतं 900 ग्रॅम पाणी. थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून ठिबकतं ते हेच. यासाठी लागणारा अडीच किलो ऑक्सिजन हवेतून येतो. हवेत ऑक्सिजन वजनानं 23 टक्केच, म्हणून इंजिनाला लिटरमागे सुमारे 11 किलो हवा आत घ्यावी लागते. डिझेलची घनता जास्त असल्यानं त्याचा आकडा लिटरमागे सुमारे 2.6 किलो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये कार्बन कमी असल्यानं त्याचा आकडा 2.2 किलोच्या आसपास येतो, पण त्यात ऊर्जाही कमी असल्यानं ॲव्हरेज थोडा घसरतो. पुढच्या हिशेबासाठी साधं पेट्रोलच धरू.

यात निसटायला जागा नाही. चांगल्या चालणाऱ्या इंजिनात 98 टक्क्यांहून जास्त इंधन जळतंच, त्यामुळे कार्बनचा जवळजवळ प्रत्येक अणू वायू होऊनच बाहेर येतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तो अडवत नाही, उलट उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडचंही डायऑक्साइड करतो. आणि याच कारणासाठी पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवून ‘ॲव्हरेज 20 टक्के वाढवा’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. जे न जळता उरतंच दोन टक्क्यांच्या आत, त्यातून वीस टक्के काढणार कुठून? त्यापेक्षा बोनेटला लिंबू-मिरची बांधलेली बरी, दहा रुपयांत भागतं.

आता ॲव्हरेजनं भागा. लिटरला 14 किलोमीटर देणारी जुनी पेट्रोल कार किलोमीटरला 168 ग्रॅम वायू सोडते. ती दिग्रसच्या बाजाराला, लग्नाकार्याला आणि दवाखान्याला मिळून वर्षात 3000 किलोमीटर चालली, तर झाले 504 किलो. लिटरला 50 देणारी दुचाकी 4000 किलोमीटर चालली, तर 188 किलो. आणि सोळा वर्षांची डिझेल एसयूव्ही, लिटरला 12, ठेकेदाराच्या कामावर वर्षाला 20,000 किलोमीटर: सव्वाचार टनांच्या वर. कराला टनांनी भागलं की दुचाकीवाल्याला टनामागे सुमारे 2100 रुपये पडतात, कारवाल्याला 1200 आणि एसयूव्हीवाल्याला 160. सर्वांत कमी वायू सोडणारा टनामागे तेरा पट जास्त भरतो. दर दुप्पट केले तरी हे प्रमाण तसूभर बदलत नाही, कारण हा कर किलोमीटर बघतच नाही.

आणखी एक हिशेब. ती कार मोडीत काढून लिटरला 20 देणारी नवी घेतली, तर 3000 किलोमीटरला 151 किलो वायू वाचतो. नवी गाडी तयार होताना, म्हणजे पोलाद, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, रंग धरून, काही टन वायू सुटलेला असतो. तो 5 टन धरला तरी फिटायला तेहतीस वर्षं जातील.

पण जुन्या गाडीला इथेच निर्दोष सोडता येत नाही. सायलेन्सरमधून येणारी दुसरी गोष्ट म्हणजे विषारी भाग: कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, न जळालेलं इंधन आणि काजळीचे बारीक कण. हा भाग इंधनाच्या प्रमाणात नसतो. तो इंजिनाची बांधणी आणि निगा यांवर ठरतो. डिझेल कारसाठी बीएस-4 (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या सरकारी मर्यादांचे टप्पे) मध्ये किलोमीटरला 25 मिलिग्रॅम कण चालत, 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 मध्ये फक्त 4.5. नायट्रोजन ऑक्साइड 250 वरून 80 मिलिग्रॅमवर आले. त्यामुळे बीएस-2 काळातली डिझेल गाडी पंधराव्या वर्षी खरोखरच वाईट असते. पण तिच्याच वयाची, नीट राखलेली पेट्रोल कार काजळीच्या बाबतीत तिच्या जवळपासही जात नाही, तरी दोघींच्या करात वर्षाला 100 रुपयांचाच फरक!

मग गाडीगणिक मोजायचं कसं? मोजणी होते ती पीयूसीत, म्हणजे धूर तपासणीत, आणि तिथे मोठं भोक आहे. पेट्रोल गाडीचं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन उभ्या गाडीवर मोजतात. डिझेल गाडीला न्यूट्रलमध्ये एकदम पूर्ण रेस देऊन धुराची अपारदर्शकता पाहतात. त्याची मर्यादा (धुराच्या एक मीटर अंतरात प्रकाश किती शोषला जातो त्याचा आकडा) बीएस-4 पूर्वीच्या गाडीला 2.45, बीएस-4 ला 1.62, बीएस-6 ला 0.7. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसल्यानं घाटातला धूर तिथे दिसत नाही.

तरीही ही चाचणी अगदीच फुकट नाही. डिझेल गाडी नापास झाली, तर एजंट शोधण्याआधी एअर फिल्टर उघडा. काळ्या मातीच्या पांदणीवर आणि जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाडीत तो धूळ आणि सरकीच्या तंतूंनी कंपनीच्या मुदतीच्या कितीतरी आधी तुंबतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून धूर काळा. फिल्टर बदलूनही काळाच राहिला तर इंजेक्टरचं नोझल गळतं का ते बघा, मग टर्बोचा होज फाटलाय का ते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असावं, हेड गॅस्केट तपासा. चाचणीला नेताना गाडी वीसेक मिनिटं चालवून न्या, थंड इंजिन नाहक नापास होतं.

बीएस-6 डिझेलचं दुखणं वेगळंच. तिचा काजळीचा फिल्टर स्वतः साफ व्हायला आतलं तापमान 550–600 अंशांवर जावं लागतं, त्यासाठी काही मिनिटं सलग, चांगल्या वेगानं गाडी पळावी लागते. घर ते शेत चार किलोमीटर आणि परत, अशा वापरात ते होत नाही. दिवा लागतो, वर्कशॉपचा खर्च पाहून कुणीतरी फिल्टर पोखरून काढतो, आणि कागदावर सर्वांत स्वच्छ असलेली ती गाडी जुन्यांच्या रांगेत जाऊन बसते.

एकाच वायूवर कर बांधला की काय होतं, हे ब्रिटननं करून पाहिलं आहे. तिथे 2001 पासून नव्या कारचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या ग्रॅमवर ठरू लागला. डिझेल लिटरला जास्त अंतर देतं, म्हणून डिझेल कार स्वस्तात सुटली आणि लोक तिकडे वळले. शहरांत नायट्रोजन ऑक्साइड राहिलंच. 2015 मध्ये फोक्सवॅगननं डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत केलेली लबाडी उघड झाली. एप्रिल 2017 पासून नव्या गाड्यांना ग्रॅमचा हिशेब फक्त पहिल्या वर्षाला, पुढे बहुतेकांना सरसकट एकच दर.

विजेच्या गाडीला करसूट मिळते ती सायलेन्सर नाही म्हणून. किलोमीटरला दीडशे वॉट-तास धरले आणि आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण 0.7 किलो वायू सोडते हे लक्षात घेतलं, तर हिशेब 105 ग्रॅमवर येतो. वाईट नाही, पण शून्यही नाही. पुण्यातल्या रस्त्यावरून गेलेला धूर चंद्रपूर, कोराडी, तिरोड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या धुरांड्यांतून निघतो, आणि राखही तिथेच पडते.

माझ्या मते कार्बनचा कर पंपावरच घ्यावा. किलोला एक रुपया ठरवला तर पेट्रोलवर लिटरला 2.35 आणि डिझेलवर 2.60, जो जितका जाळेल तितका भरेल, आरटीओची फेरी नाही. (सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब आहे. जाऊन-येऊन त्या जुन्या कारमधून 67 किलोहून जास्त वायू सुटतो, तोही पर्यावरण कर भरण्यासाठी.) ट्रॅक्टर आणि शेतीपंपाच्या डिझेलचा बोजा मात्र यात वाढतो, त्याची भरपाई वेगळी द्यावी लागेल. वार्षिक कर ठेवायचा तर तो विषारी भागावर ठेवावा: बीएसचा टप्पा, इंधन आणि वर्षभरात चाललेले किलोमीटर यांच्या गुणाकारावर. किलोमीटरचा आकडा पीयूसीच्या वेळी मीटरवरून टिपता येईल, कारण चाचणीचा निकाल तसाही त्याच वेळी ऑनलाइन चढतो. मीटर मागे फिरवणारे निघतील, पण आधीच्या नोंदीपेक्षा आकडा कमी आला की ते लगेच उघडं पडेल. मीटरची केबलच काढून ठेवणारा सापडायला मात्र टायर आणि सर्व्हिसचा कागद बघणारा माणूस लागेल.