जिप्सीला जिम्नीचे अलॉय: आरटीओ, विमा आणि मापांची माहिती

मारुतीच्या जुन्या जिप्सी किंगला मारुतीच्याच जिम्नीचे अलॉय (मिश्रधातूच्या रिम) बसवायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आरटीओची परवानगी लागते का? खासगी गाडीच्या आरसीवर रिमचा उल्लेखच नसतो, त्यामुळे नुसती रिम बदलायला वेगळा अर्ज नाही. गाडी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून सरकली की मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा कडकच अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून सगळी काळजी टायरच्या मापाची घ्यायची.

दोन्ही गाड्यांचं पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीमधला व्यास) ५×१३९.७, सेंटर बोअर (रिमचं मधलं भोक) १०८ मिमी आणि स्टड (चाकाचे बोल्ट) एम१२×१.२५. जिम्नीची रिम १५ इंची, ५.५ जे, म्हणजे साडेपाच इंच रुंद. जिप्सी किंगचा २०५/७० आर१५ टायर तिच्यावर नीट बसतो, आणि तोच ठेवा. अनेक जण जिम्नीचा १९५/८० आर१५ टायर रिमसकट उचलतात. त्याचा व्यास सुमारे ६९३ मिमी, जिप्सीच्या टायरचा ६६८. म्हणजे स्पीडोमीटर ८० दाखवत असेल तेव्हा गाडी खरं तर ८३ ने धावते, आणि अपघाताच्या दाव्यात विम्याच्या सर्व्हेअरला बोट ठेवायला जागा मिळते.

रिम विकत घेण्याआधी उलटी ठेवून तिच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि माउंटिंग फेसपर्यंतचं (रिम हबला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचं) अंतर मोजा. जुन्या स्टील रिमचंही तसंच मोजा. नव्या रिमचं अंतर बरंच कमी निघालं तर चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. जास्त निघालं तर चाक आत जातं, पण तो फरक स्पेसर (हब आणि रिममधली चकती) घालून भरून काढू नका. नट अलॉयसोबतचेच घ्या. नटाचा टेपर (निमुळता उतार) रिमच्या बैठकीशी जुळला नाही तर घट्ट केलेला नटही ५०-८० किलोमीटरमध्ये सैल होतो. एवढं अंतर झालं की टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासायचंच. पुढचा फ्री-व्हील हब (पुढचं चाक ड्राइव्हला जोडणारा-सोडणारा भाग) रिमच्या मधून बाहेर डोकावतो, म्हणून तिथे जिम्नीची सेंटर कॅप बसत नाही. ती सोडून द्या. सेकंड हँड रिम असेल तर आतल्या बाजूला वेल्डिंगची रेघ शोधा. वेल्ड केलेली रिम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

रिम पाचही घ्या. जिप्सीच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नाही. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असेल आणि फोर-एच (चारही चाकांचा हाय गिअर) लावलं तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, ताण येतो.

विम्याचं काम बसवल्याच्या आठवड्यातच उरका. जीएसटी बिल, पाचही रिमचे फोटो आणि पॉलिसीची प्रत जोडून विमा कंपनीला पत्र द्या, नॉन-इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून नोंद मागा आणि एंडोर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचा लेखी दाखला) हातात आल्याशिवाय पाठपुरावा सोडू नका. सेकंड हँड रिम असेल तर विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्या. कर्ज चालू असेल तर फायनान्सरलाही कळवा.

रिमवर इन्स्पेक्टरची नजर पडते ती १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणात. जिप्सीचं उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबलं, त्यामुळे बहुतेक गाड्या त्या टप्प्यावर आल्या आहेत किंवा येतील. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत परिवहन पोर्टलवर फॉर्म २५ भरा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा (तो नसेल तर) फॉर्म ६०, चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट, कर आणि पर्यावरण कर भरल्याची पावती लागते. मुदत चुकली तर दरमहा ५०० रुपये जादा. पुणे शहराच्या एमएच १२ गाड्यांचं कार्यालय संगम पुलाजवळ आहे, पिंपरी-चिंचवडच्या गाड्या एमएच १४ कडे जातात. पण तपासणीला अपॉइंटमेंटवर छापलेल्या ठिकाणीच जा. टायर मूळ मापाचे, मडगार्डच्या आत, आणि रिमचं बिल व विम्याची एंडोर्समेंट फाइलमध्ये सर्वांत वर.