लग्नाच्या बोलणीत गोळ्यांचा विषय का लपवतात, त्याची पार्श्वभूमी

माझ्या भाचीला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार, सहा वर्षं झाली त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे, नोकरी करते, छान राहते. मार्चपासून तिचं लग्नाचं बघतोय आणि सुरुवातीलाच घरात दोन तट पडले. ताई म्हणते सगळं आधी सांगायचं, आई म्हणते, "अगं सांगितलंस तर कोण करून घेणार तिला?" हा प्रश्न आईचा एकटीचा नाहीये, खूप जुना आहे, म्हणून जरा मागे जाऊन बघितलं.

अगदी मागे म्हणजे मनुस्मृती, नववा अध्याय. एका श्लोकात म्हटलंय की मुलगी रीतसर स्वीकारली तरी ती आजारी निघाली किंवा फसवून गळ्यात मारलेली असली तर टाकून द्यावी. आणि नवरा वेडा असला तर? तर त्याचा तिटकारा करणाऱ्या बायकोला टाकू नये, तिचं धन काढून घेऊ नये, बस्स एवढंच. त्याला सुटका आणि तिला फक्त शिक्षेतून माफी, हा फरक पुढे शेकडो वर्षं टिकला.

आपल्या मुंबई इलाख्यात 1946 चा कायदा येईपर्यंत हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी नव्हती, त्यामुळे बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून तिला माहेरी पोचवायचं आणि दुसरी करायची, कोर्टाचा काही संबंधच नाही. नवऱ्याचं बिघडलं तर बायकोनं नवस करायचे, गाणगापूर, नरसोबाची वाडी, बाहेरचं काही आहे का ते बघायचं. घटस्फोटाचा कायदा इथे 1947 ला आला, देशभरासाठी हिंदू विवाह कायदा 1955 ला.

ह्या 1955 च्या कायद्यात लग्नाच्या वेळी दोघांपैकी कोणी 'इडियट' किंवा 'ल्युनॅटिक' नसावं अशी अट होती, हेच शब्द, आणि घटस्फोट हवा तर तीन वर्षं सलग बरं न होणारं वेड दाखवायचं. 1976 ला भाषा बदलली, तीन वर्षांची अट गेली, पण वेडाच्या झटक्यांच्या बरोबरीनं फिट येणंही लग्नाच्या आड आणून ठेवलं, ते काढायला 1999 उजाडलं! फिट येणाऱ्या कितीतरी मुलींची लग्नं त्या एका शब्दापायी लपवाछपवीत झाली असतील ह्याचा विचार करून मला अजून राग येतो. ह्याच 1976 च्या दुरुस्तीनं महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न फसवणूक म्हणून रद्द करून घ्यायची वाट उघडली, फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. म्हणजे लपवणं हाच सगळ्यात मोठा धोका, आणि आईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा गप्प बसली.

आजाराचं वयही नेमकं आडवं येतं. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा आजार, बहुतेकदा विशीत सुरू होतो, म्हणजे स्थळं बघायच्या वयातच, त्यामुळे पहिला अटॅक लग्नानंतर आला की "आम्हाला फसवलं" आणि आधी आला की "लग्न करून टाका, होईल बरं". लग्नानं तो बरा होत नाही. औषधं तरी कुठे जुनी आहेत, लिथियमचा उपयोग 1949 मध्ये कळला, स्किझोफ्रेनियावरच्या क्लोरप्रोमाझिनचा 1952 मध्ये, त्याआधी ज्यांची लग्नं मोडली त्यांच्या हातात काहीच नव्हतं. आणि औषधांचंही बोलायला हवं, वजन वाढतं, शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, काही गोळ्या, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, गरोदरपणात बाळाला घातक असतात. नवरा-बायकोत ह्यावरून गैरसमज होतात आणि मग गुपचूप गोळ्या बंद केल्या जातात, तिथून पुढचं सगळं बिघडत जातं.

कोर्टांनी मात्र हळूहळू शहाणपणा दाखवला. 1988 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे ते बघा. 2013 च्या एका केसमध्ये बायको स्वतः डॉक्टर होती, काम करत होती, तिथे स्किझोफ्रेनिया म्हणून मागितलेला घटस्फोट नाकारला. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा, तो लिहिण्यात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे होते, आणि त्यात स्वच्छ म्हटलंय की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस विकल मनाचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत वेडा, ठरत नाही. विवाह कायद्यातले शब्द मात्र अजून 1976 चेच.

ह्या सगळ्यात सोडून न जाणाऱ्यांची नोंद कायद्यात कुठेच नाही. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी, त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, त्यांनी 1997 ला पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, पेशंट आणि घरच्यांनी एकत्र बसून बोलायला. एकमेकांना सांभाळून कसं राहायचं, हे अशाच ठिकाणी बसून कळतं.

भाचीनं स्वतःच ठरवलंय, दुसऱ्या भेटीत मुलाला सांगायचं, घरच्यांच्या आधी त्याला. रविवारी भेटायचंय, डॉक्टरांची फाईल तिनं आत्ताच पर्समध्ये ठेवलीये.