सायकलीशेजारची पाटी आणि कॅटलॉगमधली नोंद

प्रदर्शनाचं काम घाईत आलं की डीटीपीवाल्याच्या हातात एकच फाइल पडते. त्याच मजकुराच्या सनबोर्डवर पाट्या होतात आणि तोच मजकूर कॅटलॉगात उतरतो. वस्तूचं नाव, सन आणि चार ओळींची माहिती दोन्हीकडे असते, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. जुन्या सायकलींच्या कॅटलॉगचं मात्र यात फार नुकसान होतं. पाटी वाचणाऱ्यासमोर सायकल उभी असते. परभणीत घरी बसून कॅटलॉग चाळणाऱ्यासमोर ती नसते.

१८१७ साली जर्मनीत मानहाइमला कार्ल फॉन ड्राइसने चालवून दाखवलेलं दुचाकी यंत्र घ्या. त्याची पाटी अशी लिहिता येईल: ‘हिला पायडल नाही. स्वार जमिनीला पाय रेटत पुढे जाई. कार्ल फॉन ड्राइस, १८१७.’ वेरूळ, दौलताबाद करून आलेली शाळेची सहल छत्रपती संभाजीनगरच्या संग्रहालयात शिरते, तेव्हा मागच्या पोरांना माना उंचावून एवढंच वाचता येतं. ते वाचून त्यांची नजर चाकाकडे गेली की पाटीचं काम झालं.

नोंदीचं एवढ्यावर भागत नाही. चौकट लाकडाची; चाकंही लाकडी, बैलगाडीच्या चाकासारखी वरून लोखंडी धाव चढवलेली; पुढचं चाक वळवायला दांडा. मग लांबी, उंची, वजन, नोंदणी क्रमांक. मूळ वस्तू की प्रतिकृती, आणि गादी किंवा मुठी नंतर बदलल्या आहेत का, हेही आलंच पाहिजे. ड्राइसच्या यंत्राच्या नकला लगेच निघाल्या. लंडनच्या डेनिस जॉन्सनने १८१८ मध्ये सुधारित यंत्राचं पेटंटही घेतलं. समोरची वस्तू यातली कोणती, हे नोंदीने सांगायचं असतं.

पायडलचंही तसंच. पाटीवर ‘पॅरिस, १८६० चं दशक’ पुरतं. नोंदीत पिएर मिशो यांचं नाव येतं, तसं १८६६ मध्ये अमेरिकेत पायडलच्या सायकलीचं पेटंट घेणाऱ्या पिएर लालमां यांचंही येतं, आणि श्रेय कुणाचं हा वाद जाणकार वाचकासाठी मोकळेपणाने मांडावा लागतो. यासाठी तळटीप हवी. पाटीला तळटीप शोभत नाही.

अक्षरांचा आकारही यावरूनच ठरतो. पाटी दोन-तीन हातांवरून, उभ्याने वाचली जाते. २४ पॉइंटच्या खाली मी जाणार नाही. कॅटलॉगला ११ पॉइंट पुरे, पण ओळींमध्ये जागा सढळ हवी, एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत १६ पॉइंटच्या आसपास. इंग्रजी पानाचा साचा जसाच्या तसा उचलला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो आणि पान गिचमिड दिसतं. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत का, तेही बघून घ्यावं. लाकडी, लोखंडी, लांबी हे शब्द इथे ओळीओळीला येणार आहेत.

मुखपृष्ठावर जुना काळ आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. रॉबर्ट बेझलीने १८४५ साली लंडनला आणलेला क्लॅरेंडन हा इंग्रजी अक्षरांचा ठसा (टाइप) आणि तसे जाड पायांचे ठसे त्या काळच्या जाहिरातींत भरपूर दिसतात, मोठी अक्षरं लांबलांब पसरलेली. देवनागरी मथळा तसा ताणला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. त्यापेक्षा बोरूच्या वळणाचा, ठळक-बारीक रेघांचा फॉन्ट मोठा करून वापरावा.

फोटोंच्या बाबतीत मी सगळ्यात आग्रही आहे. प्रदर्शनात पाटीला उंची सांगावी लागत नाही. १८७० च्या दशकातल्या उंच सायकलीसमोर माणूस उभा राहिला की ती त्याला आपोआप कळते. कॅटलॉगात मात्र तीच सायकल आणि जॉन केम्प स्टार्लीची १८८५ ची रोव्हर सायकल एकाच मापाच्या चौकटीत बसवली, तर दोन्ही सारख्याच उंचीच्या दिसतात. उंच सायकलवरून पडण्याची धास्ती आणि तिच्या जागी आलेल्या रोव्हरला ‘सेफ्टी’ का म्हणत, यातलं काहीच त्या पानावरून उमगत नाही. म्हणून सगळे फोटो एकाच प्रमाणात लावावेत. एकास दहा धरलं, तर उंच सायकलीचं ५४ इंची पुढचं चाक पानावर सुमारे १३.७ सेंटिमीटरचं होतं; ए-फोर पानात सहज बसतं. डाव्या-उजव्या पानांवर सायकल पसरवायची असेल तर शिलाईची बाइंडिंग घ्यावी. नुसत्या गोंदाच्या बाइंडिंगला पुस्तक पुरतं उघडत नाही आणि चाकाचा तुंबा (आरे जिथे जुळतात तो मधला भाग) नेमका घडीत जातो.

कामाचा क्रम म्हणून आधी नोंद लिहावी आणि पाटी तिच्यातून काढावी. सनबोर्डची पाटी चुकली तर रातोरात दुसरी लावता येते. छापलेला कॅटलॉग वाचनालयात जाऊन बसतो, पुढचे लिहिणारे त्यावरूनच लिहितात. त्यामुळे शेवटचं प्रूफ संग्रहालयाची नोंदवही शेजारी उघडी ठेवून वाचावं, सन आणि क्रमांक एकाने मोठ्याने म्हणत, दुसऱ्याने वहीत बोट ठेवून.